निजऱ्या धानाचा पत्ता

दर मंगळवारी सकाळी सात वाजता जैनी मट्टामी इंद्रावतीच्या गुडघाभर पाण्यात उतरायची आणि प्रवाहाकडे तोंड करून एक बाटली भरून घ्यायची. प्रवाहाकडे तोंड करूनच. पाठ केली, तर आपल्याच पायांवरून गेलेलं पाणी बाटलीत येतं आणि मग यंत्र सांगतं, की या नदीत जैनी मट्टामी राहते.

आपल्या वर्गातल्या पोरांना हे तिने इतक्या वेळा सांगितलं होतं, की ती काठावरून तिच्या आधीच ओरडायची, "ताई, तोंड तिकडे!"

"म्हणजे ताई, मंगरूबाबा रोज इथे आंघोळ करतो, तोपण यंत्रात दिसतो?" चौथीतल्या एका मुलीने एकदा विचारलं.

"दिसतो. पण नाव कळत नाही. एवढंच कळतं, की एक माणूस आहे आणि त्याच्यासोबत म्हैस आहे."

"आणि साबण?"

"साबण जिवंत नसतो, म्हणून दिसत नाही. आणि मंगरूबाबाकडे तो नसतोच."

ही गोष्ट आजपासून वीस-बावीस वर्षं पुढची आहे. पण तिच्यातलं विज्ञान फार दूरचं नाही, म्हणून ते आधी नीट समजून घेऊ.

प्रत्येक जिवंत गोष्ट आपले बारीक बारीक अंश मागे सोडत असते. मासा खवले सोडतो, पाणी प्यायला आलेला सांबर लाळ सोडतो, झाड पानं आणि परागकण सोडतं. या प्रत्येक अंशात पेशी असतात आणि पेशीत डीएनए नावाचा एक लांबच लांब धागा असतो. हा जीव कोण, कसा, कुणाचा, हे सगळं त्या धाग्यावर लिहिलेलं असतं. पाऊस पडला की रानातलं हे सगळं धुऊन नाल्यात येतं आणि नाल्यातून नदीत. म्हणून नदीचं एक भांडं पाणी म्हणजे वरच्या सगळ्या रानाची हजेरी असते. ती वाचता यायला हवी, इतकंच.

जैनीचं यंत्र ती वाचायचं. शिलाई मशीनएवढी पेटी, शाळेच्या व्हरांड्यात, वर सौरपत्रा. लोक त्याला नदीवाचक म्हणत. पटकी-हगवणीचे जंतू पाण्यात आले किंवा वर पाणी चढायला लागलं की आधीच कळावं, म्हणून नदीकाठच्या काही गावांना ती यंत्रं दिली होती. वेंगेमेटा हे त्यातलं एक गाव.

यंत्राला आणखी एक गोष्ट कळायची. ती समजावायला जैनी पोरांसमोर कुड्याच्या फुलांची माळ करायची. "ही माळ मी वर, त्या खडकापाशी पाण्यात टाकली, तर तुमच्यापर्यंत कशी येईल?" पोरं म्हणायची, आख्खी. "आणि दोन दिवसांच्या वाटेवर टाकली तर?" मग पोरं विचार करायची. माळ दगडांवर आपटत येणार, तुटणार, हाती येतील ती सुटी फुलं. डीएनएच्या धाग्याचंही तसंच. लांब तुकडे सापडले तर तो जीव जवळ आहे. अगदी लहान तुकडे सापडले तर दूर. तुकडे मोजून यंत्र सांगायचं, की अमुक झाड इथून साधारण इतक्या कोसांवर आहे.

त्या वर्षी पूर ओसरल्यावरच्या दुसऱ्या मंगळवारी यंत्राने एक ओळ दाखवली, तशी जैनीने आधी कधी पाहिली नव्हती.

'धान. जात अनोळखी. अंतर चार ते सात कोस, नदीच्या वरच्या अंगाला.'

दुपारीच फोन आला. डॉ. शर्वाणी टिळेकर शहरातल्या संशोधन केंद्रातून बोलत होत्या. सगळ्या नदीवाचकांचे आकडे त्यांच्याकडे जात. जैनीला यंत्र चालवायला त्यांनीच शिकवलं होतं.

"जैनी, तू बसली आहेस का उभी?"

"उभी आहे मॅडम. का?"

"बस. तुला काय सापडलंय माहीत आहे? साधं धान पाण्याखाली गेलं की घाबरतं. पाण्याच्या वर डोकं काढायला उंच वाढत सुटतं, साठवलेली सगळी साखर त्यात खर्च करतं, आणि चार-पाच दिवसांत थकून सडतं. तुझ्या धानात एक जनुक आहे, ते त्याला सांगतं, वाढू नकोस, झोप. पाणी जाईपर्यंत श्वास बारीक करून पडून राहा. असं धान आपल्याकडे आहे, पण ते दहा-बारा दिवस टिकतं. हे निदान वीस दिवस टिकेल."

जैनी खरंच खाली बसली. गेल्या काही वर्षांत पावसाची चाल बदलली होती. थोडेच दिवस पडायचा, पण कोसळायचा. पूर्वी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरणारा पूर आता दहा-दहा, बारा-बारा दिवस शेतात बसून राहायचा. खालच्या अंगाला कोडपार गाव होतं, सगळं सखल. जैनीची धाकटी बहीण रैनी तिथे दिली होती. रैनीच्या घरी तीन वर्षांत दोनदाच धान आलं होतं.

"मग हे धान शोधून सगळ्यांना द्यायचं, मॅडम?"

"शोधायचं तर आहेच. नवा बीजमूळ कायदा आहे ना? दुर्मीळ वाण जिथे सापडेल त्या जागेला सरकार कुंपण घालतं, भोवती अर्धा कोस. नमुना शीतगृहात जातो. कुणी नांगर फिरवून ते नष्ट करू शकत नाही."

"आणि तिथे कुणी राहत असेल तर?"

"त्याला दुसरीकडे जागा देतात. पण जैनी, बहुतेक हे रानातलं असेल. वरच्या सात नाल्यांच्या तोंडाशी एकेक बाटली भर. चिठ्ठीवर नाल्याचा नंबर लिही. ज्या बाटलीत लांब तुकडे, तो आपला नाला."

जैनी आनंदाने हो म्हणाली.

डोंग्यातून वर जायला दोन दिवस लागले. जैनी एकटीच वल्हवत होती. एक, दोन, तीन, चार अशा बाटल्या भरून झाल्या. पाचवा कोहका नाला. त्याच्या तोंडाशी बाटली भरताना तिच्या मनात आलं, इतकं आलोच आहोत, तर काकोला भेटून जाऊ.

काको म्हणजे आईची आई. तिचं नाव सोमारी. कोहका नाल्याच्या वळणावर ती एकटी राहायची. वेंगेमेट्यात तिचं नाव निघालं की लोक बोलणं दुसरीकडे वळवायचे.

नाल्याच्या वळणावर एक खोलगट तुकडा होता, थाळीसारखा. जैनी लहानपणापासून तो पाहत आली होती. पण त्या दिवशी ती तिथेच थांबली. काठावरच्या झाडांच्या बुंध्यांवर पुराच्या गाळाची रेघ होती, तिच्या डोक्याच्याही वर. म्हणजे हा तुकडा दोन आठवडे तरी पाण्याखाली होता. आणि त्या तुकड्यात, गाळाने माखलेलं, पण हिरवंगार धान उभं होतं.

तिने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. ती वाचायला आता यंत्राची गरज नव्हती.

"काय बघतेस? धान कधी पाहिलं नाहीस?" मागून काकोचा आवाज आला. "ये, बस. जावा पी, मग बोल."

जावा, म्हणजे आंबील, पिऊन झाल्यावर जैनीने विचारलं, "काको, हे धान कोणतं?"

"निजरं. पाण्यात निजतं, पाणी गेलं की उठतं. माझ्या सासूकडून आलं, तिला तिच्या सासूकडून. दर वर्षी पुरातून जे उठेल, त्याचंच बी ठेवायचं. जे नाही उठलं ते नाही."

जैनीला हसू आलं. शंभर-दीडशे वर्षं चाललेला प्रयोग काकोने तीन वाक्यांत सांगितला होता.

"गावात कुणाकडे का नाही हे?"

काकोने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "तू सात-आठ वर्षांची होतीस तेव्हा. विज्जा पंडुमला."

विज्जा पंडुम म्हणजे बियाण्याचा सण. पेरणीआधी प्रत्येक घर आपल्या बियाण्याची एक मूठ पानाच्या द्रोणात घेऊन येतं. गावचा पुजारी, म्हणजे पेरमा, सगळ्या मुठी देवापुढे एकाच राशीत ओततो, हाताने कालवतो आणि त्या राशीतली एकेक मूठ प्रत्येक घराला परत देतो. शेतात पहिली पडते ती ही मूठ. तिचे नियम दोनच. कुणाचीही मूठ नाकारायची नाही, आणि मूठ दिल्यावाचून कुणी राहायचं नाही.

"त्या वर्षी एकाने पाकिटातलं बी आणलं," काको म्हणाली. "लाल रंग लावलेलं. मी पेरमाला म्हटलं, दसरू, हे राशीत घालू नको. हे एका वर्षापुरतं चांगलं. पुढच्या वर्षी त्याच्या पोटी त्याच्यासारखं निपजत नाही, आणि आपल्यात मिसळलं तर आपलंही आपल्यासारखं राहणार नाही. दसरू म्हणाला, मूठ नाकारता येत नाही. मी म्हटलं, मग माझी मी देत नाही. आणि द्रोण घेऊन उठले."

"आणि खरं झालं का तुझं?"

"तीन वर्षांत गावात निम्मं धान पोचट निघालं. मग सगळेच पाकिटं आणायला लागले." ती थांबली. "पण मी मूठ दिली नाही, हेही खरंच. तेव्हापासून गावात माझ्या हातचं कुणी खात नाही. बरोबर आहे त्यांचं."

जैनीने तिला यंत्राचं सांगितलं. बाटलीचं, कायद्याचं, कुंपणाचं. काकोने सगळं नीट ऐकलं.

"कुंपणात मला पेरू देतील?"

"नाही. आत कुणीच जायचं नाही."

"मग दोन पावसाळ्यांत तिथे गवत होईल," काको म्हणाली. "वाघाला कुंपण घाल, तो जगेल. धानाला रोज कुणीतरी लागतं."

डॉक्टर मॅडमना हे कसं सांगायचं, त्याचा जैनी विचार करत राहिली. त्यांना वाईट करायचं नव्हतं. पण कायद्यात एक रकाना होता, मूळ जागा, आणि त्यात एकच जागा लिहायची सोय होती. ती जागा लिहिली की पुढचं कुणाच्याच हातात नव्हतं.

परत निघताना नाल्याच्या तोंडाशी तिने पाचव्या बाटलीतलं पाणी ओतून दिलं. मग डोंगा नाल्याच्या वरच्या अंगाला, भर नदीत नेला आणि ती बाटली इंद्रावतीच्या पाण्याने भरली. चिठ्ठी तीच ठेवली. नाला क्रमांक पाच. यंत्र पाणी वाचतं, चिठ्ठी माणूस लिहितो.

सहाव्या-सातव्या नाल्याच्या बाटल्या तिने खऱ्या भरल्या, पण सहा वर्षांत यंत्राला पहिल्यांदाच खोटं पाजलं. पुढच्या मंगळवारी पोरं "ताई, तोंड तिकडे!" म्हणून ओरडली, तेव्हा तिला हसता आलं नाही.

"सातही बाटल्यांत लांब तुकडे नाहीत," डॉ. टिळेकर फोनवर म्हणाल्या. आवाजात निराशा होती, संशय नव्हता. तेच जैनीला जास्त लागलं. "काही हरकत नाही. स्वतः चालणारी एक होडी तयार होतेय. यंत्र तिच्यातच असेल. दोन वर्षांनी पूर ओसरला की ती प्रत्येक नाल्यात शिरेल. तेव्हा सापडेलच."

पुढचा पावसाळा आला. श्रावणात चार दिवसांत महिन्याचा पाऊस पडला आणि कोडपार तेरा दिवस पाण्याखाली राहिलं.

पाणी उतरल्यावर जैनी डोंग्यात मीठ, तांदूळ आणि औषधं घालून बहिणीकडे गेली. रैनी शेताच्या बांधावर बसली होती. समोरच्या धानाचा रंग उकडलेल्या भाजीसारखा झाला होता. वासाने जवळ थांबवत नव्हतं.

"अक्का, तुझ्या यंत्राने सांगितलं होतं ना, पूर येणार?"

"सांगितलं होतं."

"सांगितलं म्हणून आम्ही बकऱ्या वर नेल्या. पोरांना वर नेलं." रैनीने एक रोप उपटलं, ते तिच्या बोटांतच विरघळलं. "हे कुठे नेणार? याला पाय असते तर यालाही नेलं असतं."

ती हसली. रैनी लहानपणापासून अशीच, रडायच्या जागी हसायची. जैनीला मात्र तिच्याकडे बघवेना. निजरं धान कुठे आहे हे जगात दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक इथे मीठ-तांदूळ घेऊन उभी होती.

घरी न जाता ती तशीच वर कोहका नाल्याला गेली. काकोचं धान पुरातून उठलं होतं, पुन्हा.

"काको, रैनीचं सगळं गेलं."

काकोने मान हलवली. रैनीही तिची नातच होती.

"मी तुझं शेत वाचवलं. मला वाटलं, मी बरं केलं. पण मी फक्त एकीला वाचवलं. धान सापडलं तर कुंपण येतं, लपवलं तर रैनी उपाशी राहते. आणि पुढच्या वर्षी मॅडमची होडी येईल, ती प्रत्येक नाल्यात शोधेल. मला तिसरं काही दिसत नाही."

काकोने नाल्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुझी ती होडी काय शोधणार आहे?"

"जिथून लांब तुकडे येतात ती जागा."

"आणि ते सगळ्याच नाल्यांतून आले तर?"

जैनीने मनातच नाले मोजले, प्रत्येकाच्या काठच्या शेतात निजरं.

"पण त्याला वर्षं लागतील, काको. सगळ्या गावांना वेगळं बी द्यायचं, वेगळं पेरायचं..."

"वेगळं कशाला? मिसळू दे. अठरा वर्षं मी तेच भीत बसले, की राशीत माझं हरवेल. पण पाण्याखाली तेरा दिवस गेल्यावर काय उरेल? निवडायचं काम मी कुठे करत होते? नदीच करत होती."

"मग तुला पंडुमला यावं लागेल."

"हो ना," काको म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "दसरू काय म्हणेल गं?"

वैशाखात विज्जा पंडुम झालं. मोहाच्या झाडाखाली लोक जमले होते. कोडपारहून रैनी आली होती, आजूबाजूच्या गावांतले सोयरे आले होते. आपल्या गावी राशीत मिसळायला इथली मूठ न्यायची त्यांच्यात रीतच होती. घराघराचे द्रोण राशीत पडत होते.

काको आली तेव्हा बोलणं थांबलं. तिच्या डोक्यावर द्रोण नव्हता. माहुलीच्या पानांत बांधलेले, नारळाएवढे चार गोळे टोपलीत होते. घरातलं सगळं बियाणं. एकही दाणा मागे ठेवलेला नव्हता. हे जैनीलाही माहीत नव्हतं.

पेरमा दसरू आता सत्तरीचा होता. त्याने वर पाहिलं. "सोमारी. वाट चुकलीस का?"

"अठरा वर्षं चुकले होते. आता सापडली."

"मूठ आणायची असते. तू तर टोपली आणलीस."

"मागच्या सगळ्या वर्षांची आणली. मोजून घे."

कुणीतरी हसलं. दसरू हसला नाही. एक तरुण पुढे होऊन म्हणाला, "पेरमा, हिने गावाला मूठ नाकारली होती. हिची आपण का घ्यायची?"

दसरूने हात वर करून त्याला थांबवलं. मग तो हळूहळू, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "त्या वर्षी ते लाल बी मी राशीत घातलं. मला दिसत होतं, की ते आपल्यासारखं नाही. पण मूठ नाकारायची नाही, असं मला शिकवलं होतं. ही म्हणाली तसं झालं. तेव्हापासून मी रोज विचार करतो, की नियम पाळला आणि गावाचं बी घालवलं, तर मी काय पाळलं? आज हिची मूठ नाकारली, तर तोही नियम गेला." तो सोमारीकडे वळला. "ओत."

काकोने पहिला गोळा सोडला. दुसऱ्यावर हात ठेवून ती थांबली. जैनीला माहीत होतं, ही लाज नव्हती, भीती होती. राशीत पडलेला दाणा परत वेगळा काढता येत नाही. यंदा पूर आलाच नाही, तर नदी काही निवडणार नाही, आणि निजरं धान बाकीच्या धानात कायमचं हरवून जाईल. चारही गोळे राशीत गेले. दसरूने बाह्या सारून रास कालवली आणि मुठी वाटल्या. रास मोठी होती, म्हणून यंदा दोन-दोन मुठी मिळाल्या. काकोलाही दोनच.

मग जैनी उठली आणि सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. "ही मूठ उंचावर पेरू नका. जिथे पाणी साचतं, जिथे पेरायचं तुम्ही सोडून दिलंय, तिथे पेरा. पुरानंतर जे उठेल, तेवढंच बी ठेवा."

रैनी पदरात मूठ बांधत म्हणाली, "अक्का, हे तुला कधीपासून माहीत आहे?"

जैनीने सांगितलं. गेल्या पावसाळ्याच्याही आधीपासून. रैनीने गाठ घट्ट मारली आणि डोंग्यात जाऊन बसली.

त्या वर्षी पूर आला, अकरा दिवसांचा. तो ओसरल्यावर जैनी कोडपारला गेली तेव्हा रैनी बांधावरच होती. सगळ्या शेतात चिखल, सडलेला पेंढा, आणि त्यात इकडे सात, तिकडे दहा, अशी हिरवी रोपं माना वर काढून उभी.

"मोजलीस?" जैनीने विचारलं.

"दोनशे चौदा," रैनी म्हणाली. तिने पाच महिन्यांत जैनीशी बोललेला हा पहिला शब्द होता. थोड्या वेळाने दुसरा वाक्यभर आला. "तिथे उभी राहून काय बघतेस, उतर खाली. गाळ धुवायचाय."

होडी आश्विनात आली. एका माणसाएवढी, पांढरी, आत कुणी नाही. ती एका नाल्यात शिरायची, बाहेर यायची, दुसऱ्यात शिरायची, परत पहिल्यात जायची. पोरं काठाने तिच्यासोबत धावायची. आठव्या दिवशी डॉ. टिळेकर स्वतः आल्या आणि शाळेच्या व्हरांड्यात बसल्या.

"कोडपारला लांब तुकडे. तुझ्या गावाला लांब तुकडे. सव्वीस नाल्यांपैकी एकोणीस नाल्यांत लांब तुकडे. दोन वर्षांपूर्वी सातही बाटल्या रिकाम्या होत्या. यंत्र बिघडलंय, की मला काही कळत नाही?"

"यंत्र बरोबर आहे, मॅडम. पाचवी बाटली खोटी होती."

तिने सगळं सांगितलं. डॉ. टिळेकर ऐकत होत्या. शेवटी त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तू मला सांगायला हवं होतंस. मी कायद्याशी भांडले असते."

"भांडून झालं असतं का, मॅडम?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण जैनी, तुझ्या बाटल्यांवर मी आठ वर्षांचे निष्कर्ष काढले आहेत. आता मला त्यातल्या प्रत्येक बाटलीबद्दल विचारावं लागेल, की ही खरी का? यंत्र तुझ्याकडे ठेवता येणार नाही."

"मला माहीत आहे. म्हणूनच सांगितलं."

"आणि मूळ जागेच्या रकान्यात मी काय लिहू? तू आता कोहका नाला म्हणालीस. पण तो नाला आज बाकीच्या अठरांसारखाच आहे. मोजून सिद्ध होईल असं माझ्याकडे काही नाही." त्या थोड्या हसल्या. "एकोणीस नाल्यांभोवती अर्धा-अर्धा कोस कुंपण घातलं, तर आख्खी नदीच आत जाईल. लोकांसकट."

त्यांनी रकान्यात लिहिलं, 'एक जागा ठरवता येत नाही.' निघण्याआधी त्यांनी जैनीला कोहका नाल्यावर घेऊन चल म्हटलं. तिथे काकोने त्यांना जावा दिली, आणि सासूने सांगितलेली धानाची निवड ऐकताना त्या वहीत भराभर लिहीत राहिल्या, शाळेतल्या मुलीसारख्या.

यंत्र जैनीच्या वर्गातून शिकून गेलेल्या एका मुलीला मिळालं. पहिल्या मंगळवारी ती पाण्यात उतरली तेव्हा काठावर पोरांसोबत जैनीही होती, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच ओरडली, "तोंड तिकडे!"

पुढच्या वैशाखात काको पंडुमला आली ती सगळ्यांसारखा एकच द्रोण घेऊन. रास कालवून झाली. दसरूने तिची मूठ तिच्या ओंजळीत घातली. काको ओंजळ डोळ्यांजवळ नेऊन, बोटाने दाणे इकडे-तिकडे सारत बघत राहिली. आयुष्यभर ती दाणा हातात घेऊन त्याचं घर सांगायची.

"जैनी, यातलं माझं कोणतं गं?"

जैनी वाकून बघायला लागली. शेजारी रैनी होती, तिच्या पदरात कोडपारचं बी होतं. पलीकडे गेल्या वर्षी आडवा आलेल्या तरुणाचं. सगळे दाणे एकसारखे मळकट, एकसारखे बारीक.

"सांगता येत नाही, काको."

"मलाही नाही येत," काको म्हणाली. तिने मूठ मिटली, आणि दसरूच्या बायकोने पुढे केलेल्या पानावर, एकोणीस वर्षांनी, गावाच्या पंगतीत जेवायला बसली.